पहिली थंडी किती वाजता?

डॉक्टरांनी पायाची पट्टी बाजूला करून बघितलं, छातीवर वायरी लावून घेतल्या आणि मामीला एकच प्रश्न विचारला, "पहिली थंडी किती वाजता वाजली?"

"पहाटे चारला. बैलांना वैरण टाकायला उठले होते मी."

भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं, कागदावर २१ लिहिलं आणि आत गेले.

मी जुन्या जालन्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. त्या एकवीस तासांत शरीरात काय चालतं, ते फळ्यावर आकृती काढून सांगतो. आणि त्यातले निम्मे तास मी मामांच्या शेजारी बसून पोळीभाजी खात होतो.

पुढच्या नोंदी मी मागाहून जुळवल्या: मामीनं कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेलं, माझ्या फोनमधले कॉल, औषधाच्या दुकानाची पावती. पेशींच्या आतलं वेळापत्रक मात्र मामांच्या रक्तातलं नाही. ते कोणी मोजलं नाही. प्रयोगशाळांत पेशींवर, उंदरांवर आणि काही धीट स्वयंसेवकांवर मोजलेलं ते घड्याळ मी मामांच्या त्या दिवसावर ठेवून बघतोय.

सोमवार, संध्याकाळी ६. उरले ३१ तास

खांदेमळणी. उद्या पोळा. गांधी चमनच्या मागच्या बाजूला आमच्या गल्लीत बैल असलेलं आता मामांचं एकच घर उरलंय. बाकीच्यांनी गोठ्यांच्या जागी गाळे काढले. मामांनी बैलांचे खांदे कोमट पाण्यानं धुतले, हळद-लोणी चोळलं, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. हे सगळं अनवाणी, गोठ्यातल्या चिखलात.

पाच दिवसांपूर्वी मोसंबीच्या बागेच्या कुंपणापाशी येड्या बाभळीचा काटा टायरची चप्पल भेदून टाचेत मोडला होता. मामांना पंधरा वर्षांची शुगर. तळपायाला फारशी जाणीव नाही. काटा निघाला की आत राहिला, तेही त्यांना धड सांगता येईना. मामीनं हळद भरून चिंधी बांधली होती. मी विचारलं तर म्हणाले, "काटाच तर मोडलाय रे. तुमचं कॉलेजवाल्यांचं काहीतरीच."

मंगळवार, रात्री अडीचच्या सुमारास. उरले साडेबावीस तास

ही वेळ अंदाजाची, थंडीच्या वेळेवरून मागे मोजून काढलेली.

जंतू होता क्लेब्सिएला. हे चार दिवसांनी रक्ताच्या कल्चरमध्ये कळलं. त्याच्या बाहेरच्या वेष्टणात एक चरबी-साखरेचा रेणू असतो, लिपोपॉलिसॅकराइड. आपल्या महाभक्षी पेशींच्या अंगावर नेमका तोच ओळखणारा एक ग्राहक बसवलेला आहे, टीएलआर-४. तो लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो हे ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ग्राहकाला रेणू चिकटला की आत निरोप हातोहात जातो. मधल्या दोन हातांची नावं लक्षात ठेवा, आयरॅक-१ आणि ट्रॅफ-६. पुढे त्यांचं काम आहे. निरोप शेवटी पोचतो एनएफ-कॅपा-बी या प्रथिनापाशी. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं एकदम उघडतं.

पहाटे ४. उरले २१ तास

हुडहुडी. दात वाजत होते, खाट हलत होती. मामीनं दोन गोधड्या आणि वर एक घोंगडी टाकली.

निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध केलेलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच हे जंतुविष, अगदी सूक्ष्म मात्रेत टोचतात, तेव्हा तास-दीड तासात अंग दुखून थंडी वाजू लागते. रक्तातलं टीएनएफ, आग भडकवणारं प्रथिन, साधारण दीड तासाला शिगेला पोचतं, ताप तीन-चार तासांनी. म्हणजे मामांची खाट हलत होती तेव्हा टीएनएफची पहिली लाट सुटून गेलेली होती. मामीनं मला फोन केला नाही. सणाच्या पहाटे कशाला उठवायचं म्हणून.

पहाटे साडेपाच. उरले साडेएकोणीस तास

इथं जरा थांबायला हवं, कारण ज्याच्यासाठी हे लिहितोय ते इथं सुरू होतं.

जनुक उघडलं की त्याची नक्कल निघते. तो संदेशवाहक आरएनए. त्या कागदावरची कृती वाचून प्रथिन बनतं. एवढं माझी अकरावीची पोरं घडाघडा सांगतात. पण माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांच्या कृती लिहिलेला भाग जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेल्याला १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी 'जंक' म्हटलं, आणि आम्ही मास्तर लोक बरीच वर्षं 'अडगळ' असं त्याचं भाषांतर करून मोकळे झालो. त्या अडगळीतूनही नकला निघतात. त्यांच्यावर कृती नसते, त्यांचं कधीच प्रथिन होत नाही. यातल्या सगळ्यात चिमुकल्या, सुमारे बावीस अक्षरांच्या, ते मायक्रोआरएनए. पहिला सापडला १९९३ मध्ये, एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत. शोधणाऱ्या व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. एकतीस वर्षं.

हा बावीस अक्षरांचा तुकडा करतो काय? कचेरीत काम पडलेल्या माणसाला सांगायला सोपं जाईल. आदेश निघालेला असतो, साहेबाची सही असते, कागद पुढे अंमलबजावणीला चाललेला असतो. एवढ्यात कोणीतरी त्यावर 'स्थगित' असा शिक्का मारतो. आदेश रद्द झाला असं कोणी म्हणत नाही. फक्त काम होत नाही आणि थोड्या दिवसांनी कागदच सापडत नाही. मायक्रोआरएनए आपल्या जुळत्या अक्षरांनी संदेशाच्या शेपटीला चिकटतो. त्या संदेशाचं मग प्रथिन होत नाही, किंवा तो संदेशच कुरतडला जातो.

एनएफ-कॅपा-बी टीएनएफसारखी आग लावणारी जनुकं उघडतं, त्याच फेरीत दोन शिक्केही कोरायला टाकतं. एक मायक्रोआरएनए-१५५, दुसरा १४६ए.

१५५ ची जन्मकथा कोंबड्यांची आहे. एका विषाणूमुळे गाठी झालेल्या कोंबड्यांत तो विषाणू पुन्हा पुन्हा एकाच जागी घुसलेला दिसला. त्या जागेला 'बिक' नाव दिलं. नक्कल तर निघत होती, पण तिच्यात प्रथिनाची धड कृती कुठं सापडेना. जनुक आहे आणि काही सांगत नाही, म्हणून ते कोड्यासारखं पडून राहिलं. पुढे कळलं की त्या लांब नकलेच्या पोटात हा छोटा शिक्का होता.

१५५ लवकर तयार होतो. आणि तो शिक्का मारतो शिप-१ आणि सॉक्स-१ यांच्या संदेशांवर. ही दोन्ही प्रथिनं आग आवरणारी आहेत. म्हणजे पहिला शिक्का विझवणाऱ्यांच्याच कागदावर पडतो. हे मूर्खपणाचं वाटेल, पण नाही. टाचेत चार जंतू शिरले तर सुरुवातीला आग चांगली भडकायलाच हवी. १५५ नसलेले उंदीर जंतूंशी नीट लढू शकत नाहीत, लसही त्यांना नीट लागू पडत नाही.

सकाळी ८. उरले १७ तास

ताप १०३. मामीनं कालनिर्णयावर लिहिलंय: 'ताप १०३, गोळी ८ वा.' गोळी पॅरासिटामॉलची.

साडेनऊला मामांना घाम फुटला, ताप उतरला. उठून त्यांनी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला, झुली झटकल्या. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. ताप आणतं ते प्रोस्टाग्लँडिन, आणि गोळी त्याचं उत्पादन रोखते. एनएफ-कॅपा-बीला गोळीचा पत्ताही नसतो.

एक गंमत सांगतो. गंमत म्हणायची ती वेळ नव्हती, पण आज लिहिताना सुचतंय. हे प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या यंत्रणेत एक जनुक आहे, कॉक्स-२. उंदरात त्याच्या अगदी शेजाराला एक लांबलचक, कृती नसलेला आरएनए निघतो, लिंकआरएनए-कॉक्स-२. जंतूंची चाहूल लागली की महाभक्षी पेशीत त्याचं प्रमाण शेकडो पटींनी चढतं. सुसान कार्पेंटर, कॅथरीन फिट्झजेराल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की तो काही रोगप्रतिकारक जनुकं चढवतो आणि काही दाबून ठेवतो. दाबण्यासाठी तो केंद्रकातल्या ठरावीक प्रथिनांना हाताशी धरतो. असे लांब आरएनए आता पुष्कळ सापडलेत. कोणी एनएफ-कॅपा-बीला अडवतं, कोणी त्याच्या वाटेतला धोंडा उचलतं. त्या सगळ्यांची नावं इथं घेत नाही, पोरंही जांभया देतात.

सकाळी ११. उरले १४ तास

ताप पुन्हा. मी आग्रह केला म्हणून गल्लीजवळच्या एका दवाखान्यात नेलं. सणामुळे तो एकच उघडा. बीपी ११० वर ७०. "व्हायरल चाललंय सगळीकडं. एक सलाईन लावू, उद्या पेशी बघू." पेशी म्हणजे प्लेटलेट, आमच्याकडं तापाच्या माणसाच्या फक्त पेशीच मोजतात.

डॉक्टरांनी पाय बघितला नाही. पण दाखवला कोणी? मामांनी सणाचं धोतर नेसून वर मोजे चढवले होते, आणि मी, सोमवारी स्वतः काट्याची चौकशी केलेला माणूस, तिथं उभा राहून चकार शब्द बोललो नाही. सलाईन लागली की घरचे निर्धास्त होतात. मीही झालो.

दुपारी १. उरले १२ तास

पुरणपोळी. मामांनी अर्धी खाल्ली. मी चार.

दुपारी ४. उरले ९ तास

बैल निघाले. घुंगरमाळा, बाशिंगं, बेगड. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, तोरणाखालून न्यायचं आणि परत. मामांनी कासरा माझ्या हातात दिला आणि स्वतः ओट्यावर बसले. बैल पुढ्यातून गेले तेव्हा त्यांनी हाक मारली, "चल रे ढवळ्या, चल रे पिंज्या!"

आम्ही हसलो. ढवळ्या आणि पिंज्या वीस वर्षांपूर्वीचे. आताच्या बैलांची नावं सर्जा आणि राजा. मामांचा मोठा मुलगा म्हणाला, "बाबांना जुनी जोडी आठवली." कोणीतरी डोळे पुसले. सण असल्यामुळे त्या बडबडीला आम्ही माया समजलो.

त्यांचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस-तीस तरी असावा. माझ्या फोनमध्ये तेव्हाचा सोळा सेकंदांचा व्हिडिओ आहे. नंतर मी त्यात त्यांच्या छातीची हालचाल मोजली. आठ. श्वास बावीस किंवा वर, शुद्धीत फरक आणि वरचं बीपी शंभर किंवा खाली, या तिनातली दोन चिन्हं दिसली तरी जंतुदोष जिवावर बेतू शकतो असं २०१६ पासून जगभरच्या डॉक्टरांना शिकवतात. त्यातली दोन त्या सोळा सेकंदांत आहेत. मागे हलगी वाजतेय.

संध्याकाळी ६. उरले ७ तास

आता दुसरा शिक्का.

१४६ए चं काम १५५ सारखंच, फक्त कागद वेगळे. तो पडतो आयरॅक-१ आणि ट्रॅफ-६ यांच्या संदेशांवर, म्हणजे वर सांगितलेल्या निरोप्यांवरच. निरोप पोचवणारे हात कमी झाले की एनएफ-कॅपा-बी शांत होतं. २००६ मध्ये कॅलटेकच्या डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतून हे आलं. ज्यानं आग लावायचा हुकूम काढला, त्यानंच बंबाला फोन केलेला असतो.

पण बंब सावकाश येतो. टीएनएफ तासा-दोन तासांत शिगेला जातं. १४६ए पहिल्या काही तासांत हलू लागतो आणि मग हळूहळू, दिवस उलटेपर्यंत साठत जातो. २०१७ मध्ये बाल्टिमोर यांच्याच गटानं दोन्ही शिक्के एका चित्रात मांडले: आधी १५५ येऊन जोर वाढवतो, मागून १४६ए येऊन आवरतो. किरकोळ जखमेत ही फट सोयीची असते. भडका उडतो, जंतू मरतात, तोवर बंब पोचतो. पण टाचेतून रक्तात दर मिनिटाला नवे जंतू येत असतील तर त्याच फटीत घर जळतं. ज्यांच्यातून १४६ए मुळातच काढून टाकला होता ते उंदीर जंतुविषाच्या माऱ्यात इतरांपेक्षा लवकर मेले. मारा नसतानाही वय वाढलं तशा त्यांच्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठल्या.

मग बाहेरून टीएनएफ का नाही आवरायचं? १९९० च्या दशकात तसं करून पाहिलं, हजारो रुग्णांवर. उंदरांत जमलेलं माणसांत जमलं नाही. बहुतेक रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत ती लाट फुटून गेलेली असायची. मामांची पहाटेच फुटली होती.

संध्याकाळी साडेसात. उरले साडेपाच तास

मामी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "दुपारपासून लघवीला गेले नाहीत. आणि हात बघ, बर्फ झालेत."

मी मोजे काढले. वास आला. घोट्याच्या वरपर्यंत जांभळट-काळं.

रात्री साडेआठ. उरले साडेचार तास

कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यातलं एक रुग्णालय. बीपी ८४ वर ५०. लॅक्टेट वाढलेलं. इथल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. रक्त काढलं, दहा मिनिटांत प्रतिजैविकाचा पहिला डोस, दोन्ही हातांना सलाईन. "पण डायलिसिस लागेल. संभाजीनगरला हलवा."

कॅनडातल्या आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक हिशेब मांडला होता. जंतुदोषानं बीपी कोसळल्यावर योग्य प्रतिजैविक द्यायला पहिल्या सहा तासांत जितके तास उशीर, तितक्या वेळा जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी उतरते. मामांचं बीपी नेमकं केव्हा कोसळलं, हे मोजायला चार ते साडेआठ त्यांच्याजवळ यंत्र घेऊन कोणी नव्हतं. आम्ही बैलांना घास भरवत होतो.

रात्री ११. उरले २ तास

रस्ता साठ किलोमीटरचा. बदनापूरच्या पुढे मामांनी विचारलं, "बैल बांधले का?" त्यानंतर बोलले नाहीत.

रुग्णवाहिकेत मला लंडनची ती सहा माणसं आठवत होती. वर्गात दर वर्षी सांगतो. १३ मार्च २००६, नॉर्थविक पार्क रुग्णालय, टीजीएन-१४१२ नावाच्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी. सहाही जण धडधाकट, अंगात एकही जंतू नाही. औषधानं फक्त टी-पेशींना चिथावलं. दीड तासाच्या आत डोकेदुखी, थंडी, ओकाऱ्या, बीपी खाली. रात्रीपर्यंत सहाही जणांचे अवयव एकामागून एक मान टाकत होते. नशिबानं सगळे वाचले. जंतू नसतानाही हे होतं, एवढंच पोरांना दाखवायचं असतं. अवयव बंद पाडायला आपली फौज पुरते.

बुधवार, रात्री १. शून्य

बीपी मशीनला लागेना. नॉरअॅड्रिनॅलिन सुरू केलं, श्वासाची नळी घातली. मूत्रपिंडं बंद. रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतलं पाणी पाझरत होतं, आणि बारीक केशवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. तेव्हाच डॉक्टरांनी मामीला वेळ विचारली.

नंतर

तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. पाचव्या दिवशी बीपीची औषधं कमी झाली, सातव्या दिवशी नळी निघाली. आठव्या दिवशी मामांनी सर्जाचं नाव बरोबर घेतलं आणि मामी बाहेर येऊन रडली. आम्ही गल्लीत पेढे वाटले.

बंब उशिरा आला, पण आल्यावर निघेना. एवढा भडका सोसलेल्या माणसाच्या पेशी पुढे बरेच दिवस जंतुविषाला दाद देत नाहीत. त्यांना कितीही डिवचा, टीएनएफ सुटत नाही. प्रयोगशाळेत जंतुविष पुन्हा पुन्हा दिलेल्या पेशींत हेच घडवून आणता येतं, आणि तिथं साठून राहिलेला १४६ए या बधिरपणाच्या कारणांपैकी एक असल्याचं दिसलंय. आयरॅक-१ आणि ट्रॅफ-६ चे कागद स्थगितच. अतिदक्षता विभागात पहिला हल्ला परतवलेली माणसं दुसऱ्या साध्या जंतूनं जातात, ती या काळात. त्या शिक्क्यावर उतारा म्हणून द्यायचं औषध अजून कुठल्याच अतिदक्षता विभागाच्या कपाटात नाही.

अकराव्या दिवशी सकाळी परिचारिकेनं बोटाला चिमटा लावला तेव्हा ऑक्सिजन ८६ होता. फुप्फुसात दुसराच जंतू. मामी रात्रभर उशाशी बसलेली होती, कालनिर्णयाचं फाडलेलं पान आणि पेन मांडीवर घेऊन. तेच डॉक्टर आले, तोच प्रश्न विचारला.

मामीनं कागदाकडं बघितलं. या वेळी थंडी वाजलीच नव्हती.